हिटलर शेजारी राहतो तेव्हा

'हाइल हनी, आय एम होम!' या ब्रिटिश सिटकॉमचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, साठ लाख ज्यू मारणाऱ्या माणसावर विनोद करायचाच नाही. दुसरा म्हणतो, विनोदाला कसलं आलंय सोवळं-ओवळं! मला दोन्ही पटत नाही. शिवाय तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी तिचा दाखवला गेलेला एकमेव भाग पाहिलेला नाही अशी दाट शंका आहे.

तेव्हाही फारसा कुणी पाहिला नव्हता म्हणा. ३० सप्टेंबर १९९० ला ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंगच्या गॅलक्सी वाहिनीवर तो लागला. कंपनी नवीकोरी, तिची डिश बसवलेली घरं मोजकी, आणि नोव्हेंबरात ती स्काय या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीनही झाली. ज्यू संघटनेने आक्षेप घेतला होता. चित्रीकरण झालेले पुढचे भाग कधी दाखवलेच गेले नाहीत.

गोष्ट १९३८च्या बर्लिनमधली. हिटलर आणि त्याची प्रेयसी एव्हा ब्राउन एका फ्लॅटमध्ये, शेजारी गोल्डनस्टाइन हे ज्यू जोडपं. साचा १९५०च्या दशकातल्या अमेरिकन कौटुंबिक मालिकांचा: नवरा दारातून आत आला की टाळ्या, दिवाणखान्यात कुरबुरी, न विचारता घुसणारे शेजारी. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन येणार असतात. शेजाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरतं, म्हणजे ते येणारच! वर आपल्या भाचीचं स्थळ थेट चेंबरलेनना सुचवतात.

खरं सांगतो, सुरुवातीला मी हसलो. राक्षसाला 'जरा तापट आहे, पण घेऊ सांभाळून' म्हणणारी मंडळी १९३८ मध्ये खरोखरच होती. आपले देश पुन्हा एकमेकांशी लढणार नाहीत, असं लिहून म्युनिकला हिटलरची सही घेतलेला कागद हलवत चेंबरलेन लंडनला परतले ती तारीखही ३० सप्टेंबरच. लेखक जेफ ॲटकिन्सनने हाच धागा धरून ठेवायला हवा होता.

पुढे मात्र मालिका आपल्याच साच्यात अडकते. अशा मालिकेत आपण नकळत घरच्या नवऱ्याची बाजू घेतो. त्याची फजिती होते, बायको रागावते, शेजारी डोक्याला ताप देतात आणि आपल्याला त्याची कीव येते. इथे तो नवरा हिटलर आहे आणि डोक्याला ताप देणारे ज्यू आहेत. शिवाय सिटकॉममध्ये भाग संपला की सगळं जिथल्या तिथे येतं, पुढच्या आठवड्यात तेच शेजारी पुन्हा दार वाजवतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत कोंबलं गेलं. गोल्डनस्टाइन कुठल्या पुढच्या आठवड्यात येणार होते?

'मग हिटलरची टर उडवणाऱ्या चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'चं काय?' हा प्रश्न येणारच. १९४० मध्ये हिटलर जिवंत होता, सत्तेवर होता आणि अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. तेव्हा त्याची टर उडवायला छाती लागत होती. तरी चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं, की छावण्यांतली खरी भीषणता ठाऊक असती तर तो सिनेमा मी करूच शकलो नसतो. 'होगन्स हीरोज' या अमेरिकन विनोदी मालिकेत नाझी कर्नल क्लिंक रंगवणारा वर्नर क्लेम्पेरर हा नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या घरातला. क्लिंक कधीही जिंकता कामा नये, ही त्याची अट होती. त्याच मालिकेतला रॉबर्ट क्लॅरी तर बुखेनवाल्डमधून वाचून आलेला. कुणाला हसायचं हे या लोकांना पक्कं माहीत होतं.

आता आपल्याकडे या. २००६ मध्ये खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट निघालं. मुंबईतल्या ज्यू समाजाने आवाज उठवला तेव्हा नाव बदललं. २०२४ मध्ये झी मराठीवर 'नवरी मिळे हिटलरला' सुरू झाली. त्यातला हिटलर म्हणजे शिस्तीचा, देखणा नायक. ब्रिटनमधली मालिका एका भागात आटोपली, आपली वर्षभराहून अधिक चालली. अलिबाग-रेवदंड्याकडचे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू हीच वाहिनी बघत असणार. मालिका बंद पाडायला हवी होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण नाव ठरवायच्या बैठकीत कुणी एकाने तरी 'अहो, हे नको' म्हटलं होतं का, एवढं मात्र विचारावंसं वाटतं.