‘सोल्डर वायर कुठलीही घ्या, सगळी सारखीच’: या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

इलेक्ट्रॉनिक्सला नव्याने हात घालणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: सोल्डर वायर (वितळवून पार्ट बोर्डाला जोडायची धातूची तार) कुठलीही घ्या, सगळी सारखीच. जाड घेतली की काम पटकन उरकतं. सोल्डर धरत नसेल तर डबीतली पेस्ट लावा, तरी नाही धरलं तर आयर्न (सोल्डर वितळवणारं तापतं हत्यार) आणखी तापवा. जॉइंट चमकला की झालं. आणि शिशाचा धूर नको असेल तर लीड-फ्री, म्हणजे बिनशिशाची, घ्या.

यातलं पहिलं विधान चुकीचं आहे आणि बाकीची बरीचशी त्याच्याच पोटी जन्मली आहेत. वायर हलक्या प्रतीची असते म्हणून पेस्ट लागते, आणि पेस्टनेही भागत नाही म्हणून आच वाढवावी लागते.

‘सगळी सारखीच असते.’

रिळावर ६०/४० लिहिलेलं असतं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग, त्यामुळे काटछाट होते ती कथलातच. फरक काय पडतो? ६३/३७ मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० पूर्ण पातळ व्हायला साधारण १९० अंश लागतात, म्हणजे जवळजवळ तेच. पण ४०/६० मिश्रण १८३ अंशांना मऊ पडू लागतं आणि पूर्ण वितळायला सुमारे २३८ अंश घेतं. मधले पंचावन्न अंश ते शिऱ्यासारखं असतं, धड पातळ नाही, धड घट्ट नाही. थंड होताना नेमक्या त्या वेळी रेझिस्टरचा पाय जरा हलला की जॉइंटच्या आत बारीक तडा जातो. मल्टिमीटर त्या दिवशी बीप देतो. दोन महिन्यांनी डबा हलवला की सर्किट बंद, आणि मग आयसी बदलण्यात दिवस जातो.

लेबलवर विश्वास नसेल आणि मोठं रीळ घ्यायचं असेल, तर घरीच तपासता येतं. साधारण २५ ग्रॅम वायर एका जुन्या स्टीलच्या वाटीत वितळवा (ती वाटी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही; काम उघड्यावर करायचं आणि वितळलेल्या धातूजवळ पाण्याचा थेंबही नको). वायरच्या पोटातला फ्लक्स (धातूवरचा मळ काढून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) वर तरंगून येतो. पूर्ण थंड झाल्यावर गोळा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि गोळा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर गोळ्याचं आकारमान. २५ ग्रॅमचा गोळा खऱ्या ६०/४० चा असेल तर २.९४ च्या आसपास येतं, ४०/६० चा असेल तर २.७० च्या आसपास. शिसं जड, म्हणून आकडा लहान. गोळ्यात हवेची पोकळी राहिली तर आकडा उगाच मोठा येतो आणि हलक्या प्रतीची वायर पास होते. म्हणून वितळलेला धातू जरा स्थिर होऊ द्या आणि चाचणी दोनदा करा.

मिश्रणाइतकंच महत्त्व वायरच्या पोटातल्या फ्लक्सला आहे, आणि सल्ला देणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. चांगल्या वायरीत वजनाच्या दोन-सव्वादोन टक्के राळेचा फ्लक्स असतो. राळ हलकी असल्यामुळे आकारमानाने तो १५ टक्क्यांच्या घरात जातो. धारदार ब्लेडने वायर तिरकी कापा आणि भिंगातून बघा. मध्ये पिवळसर ठिपका दिसला पाहिजे, काही वायरींत असे तीन-पाच ठिपके असतात. हातभर अंतरावर आणखी दोनदा कापून बघा. एखाद्या ठिकाणी ठिपका गायब असेल तर तेवढ्या लांबीत फ्लक्स नाही, आणि तिथे सोल्डर पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीवर) पसरण्याऐवजी मण्यासारखं गोळा होऊन बसणार.

‘जाड घेतली की पटकन काम होतं.’

गणित करून बघा. १.६ मिमी जाडीचा बोर्ड, १ मिमीचं भोक, त्यात अर्ध्या मिमीचा पाय: भोक भरून दोन्ही बाजूंना छान उतार यायला साधारण दोन घनमिलिमीटर सोल्डर पुरतं. ०.७ मिमीच्या वायरीची त्यासाठी सहा मिमी लांबी लागते, हाताला ती सहज कळते. १.२ मिमीच्या वायरीची फक्त दोन मिमी. दोन मिमीवर हात आवरणं कठीण. जास्त ओतलं जातं आणि शेजारच्या पायाशी पूल तयार होतो. आपल्याकडे दुकानात गेज सांगतात: २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी, १८ गेज म्हणजे १.२२. साध्या प्रोजेक्टला २२ गेज, बारीक एसएमडी पार्टना (भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या) ०.५ मिमी किंवा त्याहून बारीक. १८ गेजची जागा बॅटरीच्या जाड केबलवर आणि कनेक्टरवर.

‘बसत नसेल तर डबीतली पेस्ट लावा.’

पेस्ट कसली, हे आधी बघा. राळेची असेल तर हरकत नाही. पण बऱ्याच डब्यांत झिंक क्लोराईड किंवा नवसागर असतो; ती पेस्ट पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची. कल्हईवाला तापल्या पातेल्यावर नवसागर टाकतो आणि कथील झर्रकन फिरतं, ते त्यामुळेच. पण तो पातेलं लगेच पाण्यात बुडवतो. सर्किट बोर्डावर आयसीच्या पोटाखाली शिरलेलं क्लोराईड कोण धुणार? झिंक क्लोराईड हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात तांब्याच्या ट्रॅकवर हिरवट थर चढतो आणि शेजारच्या ट्रॅकमधून करंट झिरपू लागतो. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर ती बोर्डाजवळ आणू नका.

‘आयर्न आणखी तापवा.’

६०/४० ला बिटाचं, म्हणजे आयर्नच्या टोकाचं, तापमान ३२० ते ३५० अंश आणि दोन-तीन सेकंद पुरतात. ४०० च्या वर राळ काम करण्याआधीच जळून काळी पडते आणि पॅड बोर्डापासून सुटतो. सोल्डर धरत नाही याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: बिटावर सोल्डर घेऊन ते गोंदासारखं जॉइंटला फासायचं. एवढ्या वाटेत फ्लक्सचा धूर होऊन गेलेला असतो. बिट एकाच वेळी पॅडला आणि पायाला टेकवा, क्षणभर थांबा, आणि वायर समोरच्या बाजूने पायाला लावा, बिटाला नाही.

‘चमकला की झालं.’

कथील-शिशाच्या बाबतीत निम्मं खरं. बिनशिशाच्या वायरीचा उत्तम जॉइंटही अनेकदा करडा, मंद दिसतो. चमकेपेक्षा कड बघा. सोल्डर पॅडकडे पातळ होत आत वळलेल्या उतारासारखं गेलं असेल तर धरलं आहे. थेंबासारखं फुगून कडेला उभं असेल, तर कितीही चकाको, धरलेलं नाही.

‘शिशाचा धूर नको तर लीड-फ्री.’

धूर शिशाचा नसतोच. शिसं उकळतं १७४९ अंशांना. ३५० अंशांच्या बिटावर त्याची वाफ नगण्य. दिसतो तो राळेचा धूर, आणि या धुराने दमा होऊ शकतो. लीड-फ्री वायरीतही फ्लक्स असतोच, शिवाय तापमान जास्त लागतं: कथील-चांदी-तांब्याची वायर २१७ ते २२० अंशांना वितळते, नुसत्या कथील-तांब्याची २२७ ला. म्हणजे धूर कमी होत नाही. धूर बाजूला ओढणारा छोटा पंखा दोन्ही वायरींना हवाच.

शिसं पोटात जातं ते हातांवाटे. सोल्डरिंग करता करता वडापाव खाणं, दोन्ही हात अडकले म्हणून वायर दातांत धरणं, हे धुरापेक्षा वाईट. काम संपलं की साबणाने हात धुवा, टेबल कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात लहान मुलं त्याच टेबलावर अभ्यासाला बसत असतील तर लीड-फ्री घेण्यात शहाणपण आहे, पण मग आयर्न तापमान नियंत्रणाचं हवं. साध्या २५ वॅटच्या आयर्नने मोठ्या ग्राउंड पॅडवर ही वायर नीट वाहत नाही. वस्तू बनवून विकायची असेल तर प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही: भारताच्या ई-कचरा नियमांच्या यादीतल्या उपकरणांत, काही सवलती सोडल्या, तर शिशाची मर्यादा ०.१ टक्के आहे, आणि ६०/४० वायर त्यात कुठेच बसत नाही.