आकडे वाढवून मागणारे सुभेदार

सर्वंकष हुकूमशाहीचा विषय निघाला की सगळे खापर शिखरावरच्या एका माणसाच्या डोक्यावर फोडण्याची आपल्याला सवय झाली आहे. ‘राजा बोले, दळ हाले’ एवढ्यावर आपले समाधान होते. सोव्हिएत संघातल्या प्रांतिक पक्षसचिवांची, म्हणजे प्रांताचा कारभार हाती असलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखांची, कारकीर्द वाचताना मला मात्र हे दळ कित्येकदा राजाच्याही पुढे धावताना दिसते.

जुलै १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने कोणत्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावण्यांत धाडायचे, याचे आकडे ठरवून दिले. निवाडा करणाऱ्या त्रिसदस्य मंडळांत गुप्त पोलिसांचा प्रमुख आणि सरकारी वकील यांच्यासोबत पक्षसचिवही बसत असे. मंजूर संख्या संपली की ती वाढवून मिळावी, अशी मागणी प्रांतांतूनच मॉस्कोला जाई. पश्चिम सायबेरियाचे सचिव रॉबर्ट एइखे अशाच मंडळावर होते. पुढे त्यांनाही अटक झाली, छळ झाला आणि १९४० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. स्टालिनच्या अत्याचारांवर टीका करणाऱ्या १९५६ च्या भाषणात त्यांच्यानंतरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी एइखे यांचा उल्लेख निरपराध बळी म्हणून केला. त्यांच्यावरचे आरोप खोटे होते, हे खरेच. पण त्यांच्या मंडळाने मरणाच्या दारात लोटलेल्यांचा हिशेब त्या भाषणात आला नाही, याची मला आजही चीड येते.

दहशत ओसरल्यावरही ही वृत्ती टिकली, हे मॉस्कोच्या आग्नेयेकडच्या रियाझान प्रांतात दिसले. तिथले सचिव अलेक्सेई लारिओनोव्ह यांनी १९५९ या एकाच वर्षात मांसाचा पुरवठा तिप्पट करून दीड लाख टनांवर नेण्याचा शब्द दिला. तो पाळण्यासाठी दुभती आणि पैदाशीची जनावरे कापली गेली, शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणले गेले आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यातल्या स्वतःच्या गायीसुद्धा ‘तात्पुरत्या’ म्हणून पावती देऊन नेल्या गेल्या. वर्षाअखेरीस लारिओनोव्ह यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला.

या माणसाला कोणी रोखायचे होते? त्याची खुर्ची प्रांतातल्या कोणाच्याही मतावर अवलंबून नव्हती. प्रांताची खबर वर जाई ती मुख्यतः त्याच्याच हातून, आणि खालून ओरड करण्याची सोय तर कोणालाच नव्हती. अशा जागी बसलेल्याला मी निव्वळ हुकमाचा ताबेदार मानायला तयार नाही, कारण दीड लाखांचा तो शब्द त्याने स्वतः दिला होता.

१९६० मध्ये रियाझानचा पुरवठा तीस हजार टनांवर कोसळला. लारिओनोव्ह त्याच वर्षी वारले. ज्यांच्या गायी नेल्या होत्या, त्या शेतकऱ्यांनी सामूहिक शेतांवर काम करायचे नाकारले. त्यांच्या हाती फक्त पावत्या उरल्या होत्या.