आईचा मालक कोण होता?

आईच्या पीएफसाठी मागच्या आठवड्यात चौथी चक्कर झाली, परत येताना बसमध्ये जे डोक्यात चालू होतं ते लिहितेय. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण वाचा.

आईनं एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९ वर्षं सफाईचं काम केलं. तोच मजला, तोच जिना, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा तोच पॅसेज, रक्ताचे डाग कोणत्या फरशीवर लवकर निघत नाहीत हे तिला पाठ. पण कागदावर या १९ वर्षांत तिनं ७ वेगवेगळ्या ठेकेदारांकडे काम केलंय. टेंडर बदललं की ठेकेदार बदलायचा, मुकादम मात्र तोच, झाडू तोच, बादली तीच, फक्त गळ्यातलं आयकार्ड निळ्याचं पिवळं व्हायचं. ती सगळी कार्डं तिनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलीत, आत्ता माझ्यासमोर आहेत. त्यातल्या तीन कार्डांवर तिच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. एकावर तर नवऱ्याचं नावच दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि जन्मसाल बघितलं तर ती माझ्यापेक्षा फक्त ११ वर्षांनी मोठी.

आता पीएफ काढायला गेलं की खिडकीवरचा माणूस सांगतो, आधी एम्प्लॉयरकडून करेक्शन करून आणा. त्याचा दोष नाही, त्याच्या स्क्रीनवर तीन वेगळ्या बायका दिसतायत आणि त्यातली एकही धड माझी आई नाही. पण एम्प्लॉयर कुठून आणू? त्यातल्या दोन कंपन्या बंद झाल्यात, एकाच्या पत्त्यावर आता झेरॉक्सचं दुकान आहे. हॉस्पिटलमध्ये गेलं तर ते म्हणतात या बाई आमच्या कधीच नव्हत्या, ठेकेदाराला विचारा. एकोणीस वर्षं जिथे राबली तिथे ती कधीच नव्हती!!

आणि हे चुकून झालेलं नाही. सात-आठ महिने झाले की बायकांना 'ब्रेक' मिळायचा. ज्यांनी सरकारी किंवा कंपनीत कंत्राटी काम केलंय त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाही. वर्षात २४० दिवस भरले की कायदा ती सलग सेवा धरतो, सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी लागते, म्हणून मध्येच माणसाला कागदावरनं उडवायचं आणि पंधरा दिवसांनी नवीन म्हणून भरती करायचं. पण वॉर्डातल्या घाणीला कुठला आलाय ब्रेक? त्या पंधरा दिवसांत आई मावशीच्या नावावर कामाला जायची आणि मावशीच्या ब्रेकमध्ये मावशी आईच्या नावावर. मुकादमच सांगायचा असं करा म्हणून. आज हॉस्पिटल आणि ठेकेदार दोघं मिळून म्हणू शकतात की बघा, रेकॉर्डमध्येच घोळ आहे, ही बाई खोटं बोलतेय.

पगार बँकेत यायचा, किमान वेतनाप्रमाणे, अगदी कायदेशीर. एटीएम कार्ड मुकादमाकडे. दहा तारखेला तो सगळ्यांची कार्डं घेऊन मशीनवर जायचा आणि बाईच्या हातात ठरलेली रक्कम द्यायचा, बाकीची वर. तक्रार कुणाकडे करणार, तक्रार केली तर उद्यापासून येऊ नको, इतकं सोपं. मी कॉलेजला असताना एकदा भांडायला गेले होते, आईनंच मला ओढत घरी आणलं आणि दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता कळतं की तिला माझी फी भरायची होती.

आता दुसरी गोष्ट. आमच्याच चाळीत समोर एक काका राहायचे, माथाडी कामगार. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, मानेच्या मागे हाताच्या तळव्याएवढा घट्टा पडलेला. शाळा चौथी. आईइतकंच अंगमेहनतीचं काम, किंबहुना जास्तच. पण काका रिटायर झाले तेव्हा त्यांना पीएफ मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, दिवाळीला बोनस तर दरवर्षीच यायचा, भरपगारी रजा होती. त्यांनी गावाकडे दोन खोल्या बांधल्या. लहानपणी मला वाटायचं काका नशीबवान आणि आई कमनशिबी. यात नशिबाचा काही संबंध नाही हे समजायला मला खूप वर्षं लागली. फरक एका कायद्याचा होता आणि तो कायदा रस्त्यावर उतरलेल्या हमालांनी आणला होता.

माथाडी कायदा १९६९ चा. त्याच्या आधी हमालाची अवस्था काय होती तर सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी रिकामी करायची, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची, मग त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणणार हा माझा माणूस नाही, टोळीचा आहे. टोळीवाला म्हणणार मी कुठला मालक, मी पण हमालच. म्हणजे काम सगळ्यांचं आणि जबाबदारी कुणाचीच नाही. तंतोतंत आईची गोष्ट. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं या लोकांना एकत्र केलं, संप केले, मोर्चे काढले. आणि जो कायदा आला तो मला आजही कमाल वाटतो, कारण त्यानं 'मालक कोण' या वादात कामगाराला अडकवूनच ठेवलं नाही. मध्ये एक मंडळ बसवलं, त्यात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे असे तिघांचे प्रतिनिधी. ज्याचा माल उचलला त्यानं मजुरी मंडळात भरायची, त्यावर लेव्ही म्हणून टक्केवारी भरायची, त्यातनं पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी. हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांकडे गेला तरी त्याची नोंद एकाच ठिकाणी. व्यापारी बदलेल, गोदाम बदलेल, हमालाची सेवा तुटत नाही.

विचार करा, आईसाठी असं मंडळ असतं तर ७ ठेकेदार नाही ७० बदलले असते तरी काय फरक पडला असता.

म्हणून मला तो 'असंघटित कामगार' शब्दच खटकतो. जणू काही ही माणसं जन्मतःच विस्कळीत आहेत, पावसाळा असतो तसं यांचं असंघटित असणं. हमालांपेक्षा असंघटित कोण होतं हो? त्यांना संघटित करून दाखवलंच ना. उलट ज्या कायम नोकऱ्या व्यवस्थित संघटित होत्या, हॉस्पिटलातल्या, नगरपालिकांतल्या, कारखान्यांतल्या, त्या ठरवून, टेंडर काढून, असंघटित केल्या गेल्या. माणसं असंघटित नसतात, त्यांना तसं केलं जातं आणि ते करण्यात कुणाचा तरी रोजचा फायदा असतो.

माथाडीच्या नावाखाली आज काही ठिकाणी खंडणी चालते, हे कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते, हो चालते आणि ते करणारे हमाल नाहीत, गुंड आहेत, त्यांना आत टाका. पण त्यासाठी कायदाच पातळ करा म्हणणं म्हणजे उंदराच्या भीतीनं धान्यच जाळा म्हणण्यासारखं आहे.

आता जातीचं. हे टाळून कामगारांवर बोलणं मला जमत नाही आणि बोलू पण नये. आईच्या टोळीत ४० बायका होत्या, कुठल्या जातीच्या होत्या हे मी न सांगता तुम्हाला कळलंय, आणि तेच तर दुखणं आहे. कायम नोकरी होती तेव्हा निदान लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी तरी मिळायची. त्याच्यातही बापाचा झाडू पोराच्या हातात जायचा हे खरंच आहे, ते मला कधीच चांगलं वाटलं नाही, पण त्या नोकरीच्या पगारावर पुढची पिढी शिकली, बाहेर पडली, असे कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. ठेकेदारी आली आणि काम त्याच जातीकडे राहिलं, फक्त पगार, रजा, पेन्शन, आरक्षण हे सगळं गेलं. घाण आमच्या वाट्याची आणि हक्क टेंडरमध्ये गायब.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर स्पष्ट सांगितलं होतं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही एका दमात. माझ्या डाव्या मित्रांना हे मी प्रेमानं पण ठणकावून सांगते, कारण मी पण स्वतःला तिथलीच समजते: मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात जास्त पैसे मिळायचे आणि तिथे अस्पृश्य कामगारांना येऊ देत नव्हते, कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा, विटाळ व्हायचा. हा विटाळ मालकाला नव्हता, शेजारच्या मागावरच्या कामगाराला होता. १९२८ चा सहा महिन्यांचा तो प्रचंड संप झाला तेव्हा बाबासाहेबांना हा प्रश्न लावून धरावा लागला. लाल बावट्यानं, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियननं, तो आपणहून पहिल्या दिवसापासून धरला असता तर महाराष्ट्रातली कामगार चळवळ वेगळी दिसली असती असं मला मनापासून वाटतं. आणि तरीही नोव्हेंबर १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणाऱ्या बिलाच्या विरोधात कम्युनिस्ट आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र रस्त्यावर उतरलेच. जमतं, करायचं ठरवलं तर जमतं. त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक माणूस, जोतीरावांचे सहकारी, त्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, १८९० साली. आज आपण सगळे जो रविवार घेतो ना तो कुणी दान दिलेला नाही. जातीची लढाई आणि पोटाची लढाई या दोन वेगळ्या रांगा लोखंडेंच्या डोक्यात नव्हत्याच.

आता सध्याचं बघा. माझा भाचा डिलिव्हरी करतो. त्याच्या ॲपमध्ये तो कामगार नाही, 'पार्टनर' आहे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाईल त्याचा, पडला तर हाड पण त्याचं, आणि पार्टनर असून दर ठरवायला त्याला कुणी विचारत नाही. मागे तीन दिवस त्याचा आयडी ब्लॉक होता, का ते कळलंच नाही, बोलायचं कुणाशी तर चॅटवरच्या मशीनशी. आईला निदान मुकादमाचं तोंड तरी माहीत होतं. हा शब्दांचा खेळ नवीन नाही, मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी लोकांना कागदावर कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हणलं होतं, म्हणजे ते हौसेनं कचरा उचलतायत! कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात लढला आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात २७०० जणांना कायम करण्याचा निकाल टिकला. २७०० माणसांना आपण माणसं नाही तर कामगार आहोत हे.. नाही, उलट, आपण कामगार आहोत म्हणजेच माणसं आहोत हे कोर्टातनं लिहून आणावं लागलं.

निती आयोगाच्याच २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे माझ्या भाच्यासारखे कायम नोकरीऐवजी कामागणिक पैसे मिळणारे, होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर शुल्क. वाचलं तेव्हा मला समोरच्या काकांची आठवण आली, कारण ही आपल्याच माथाडीची कल्पना आहे. ५० हून जास्त वर्षांपूर्वी महाराष्ट्राने जगाला दाखवलं ते आज महाराष्ट्र स्वतः का करत नाही? उलट आपल्याकडे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाचे ९ तासांचे १२ करायला मंजुरी दिली. नव्या लेबर कोडमध्ये कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची मर्यादा १०० कामगारांवरनं ३०० वर नेली. कंत्राटी कामगारांचे नियम लागू व्हायला केंद्राच्या कायद्यात २० माणसांची अट होती, ती ५० केली. मग काय, ४९-४९ चे ठेके निघणार, अजून काय होणार.

कायम केलं की हे लोक काम करत नाहीत, असं मला परवा एका सुशिक्षित बाईंनी ऐकवलं. त्यांना स्वतःला कायम नोकरी आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की मग तुम्ही करता ते काय? त्यांनी विषय बदलला.

आणि हे सगळं लांब कुठेतरी नाहीये. आपल्या बिल्डिंगचा वॉचमन बघा. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी माथाडीच्याच धर्तीवर वेगळा कायदा आहे, मंडळं आहेत, किती सोसायट्यांना माहितीये? आमच्या इथले दोघं बारा-बारा तास उभे असतात, एजन्सीकडून. मी कमिटीला म्हणलं की एजन्सीला पैसे देण्याआधी दर महिन्याला त्यांचा पीएफ भरल्याचं चलन आणि सोबतची कामगारांची यादी मागून बघा, त्यात यांची नावं आहेत का, स्पेलिंग बरोबर आहे का. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी ज्यानं काम करून घेतलं त्याच्यावर येऊ शकते, म्हणजे आपल्यावर, हे पण सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले ताई आपला काय संबंध, ते एजन्सीचे लोक आहेत.

हे वाक्य मी १९ वर्षं ऐकलंय. मी म्हणलं, काका, गेट आपलं आहे ना?

चलन अजून आलेलं नाही. रविवारी परत मिटिंग आहे, या वेळी आईची पिशवी पण सोबत घेऊन जाणार आहे.