‘नापास झाले म्हणून बाहेर राहिले’? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘पॅक-12’ ही अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या बारा विद्यापीठांची क्रीडा कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत सामने खेळणारा विद्यापीठांचा गट. त्यातली दहा विद्यापीठे दुसऱ्या गटांत गेली आणि दोनच मागे राहिली. या विघटनावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण आपला एक आक्षेप पूर्णपणे आणि आणखी एक निम्मा मान्य करावा लागणार हे पहिल्याच वाचनात माझ्या लक्षात आले होते आणि तसे लिहिताना हात जरा जड होतो.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. खेळ हा आता धंदा आहे. ज्याच्याकडे प्रेक्षक नाहीत तो मागे राहणारच. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये दरवर्षी दुबळे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, त्यांच्यासाठी कोणी गळा काढत नाही. मग वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या दोन विद्यापीठांसाठी मी का काढावा? शिवाय ही दोघे काही साधुसंत नव्हेत, संधी मिळताच त्यांनीही दुसऱ्यांचे घर फोडले. आणि फुटबॉलचा (इथे अर्थात अमेरिकन फुटबॉलचा) पैसा आटला तर विद्यापीठाने अभ्यासाकडे लक्ष द्यावे, त्यात वाईट काय? या तिन्हींबरोबर आपण माझी तारखेची एक चूकही दाखवली आहे.

श्रेणीच्या उदाहरणापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळा वाद तिथेच आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून तळाचे तीन संघ खाली जातात, ते गुणतक्त्यावरून. हंगाम सुरू होतो त्या दिवशी कोणते तीन संघ जाणार हे कोणालाच माहीत नसते आणि खाली गेलेला संघ जिंकून पुन्हा वर येऊ शकतो. आता पॅक-12 मध्ये काय झाले ते पाहा. 2022 च्या फुटबॉल हंगामात ओरेगन स्टेटने तेरापैकी दहा सामने जिंकले, शेजारच्या ओरेगन विद्यापीठाला 38–34 असे हरवले आणि हंगामाच्या शेवटी ‘लास वेगास बोल’ या निमंत्रितांच्या सामन्यात फ्लोरिडाला 30–3 असे लोळवले. त्याच हंगामात कोलोराडोने बारापैकी एक सामना जिंकला, तर स्टॅनफर्ड आणि ॲरिझोना स्टेट यांनी प्रत्येकी तीन. पुढच्या उन्हाळ्यात ‘बिग 12’ या दुसऱ्या कॉन्फरन्सने सर्वांत आधी आत घेतले ते कोलोराडोला, पाठोपाठ ॲरिझोना स्टेटलाही तिथेच जागा मिळाली आणि स्टॅनफर्डला थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या ‘एसीसी’ कॉन्फरन्समध्ये. दहा सामने जिंकणारा संघ मात्र घरीच राहिला. हे खालच्या श्रेणीत जाणे असेल, तर कोणत्या परीक्षेच्या गुणांवरून, हे आपण मला सांगावे.

परीक्षा होती, पण मैदानावरची नव्हती. प्रक्षेपण हक्कांचे पैसे कॉन्फरन्सला एकगठ्ठा मिळतात आणि सदस्यांत वाटले जातात. पंगतीत नवे पान मांडायचे तर त्या पाहुण्याने आपल्यासोबत किमान आपल्या वाट्याइतका शिधा आणला पाहिजे, नाहीतर आधीपासून बसलेल्यांच्या पानातले कमी होते. ऑगस्ट 2022 मध्ये ‘बिग टेन’ या कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला, बिग 12 ने त्याच वर्षी केलेल्या करारात प्रत्येक सदस्याचा वार्षिक वाटा सरासरी 3.17 कोटी डॉलर धरला होता. एवढा शिधा आणू शकतो तो सिएटल, डेन्व्हर किंवा फीनिक्ससारख्या महानगराच्या कुशीतला संघ. वॉशिंग्टन स्टेटचे पुलमन हे जेमतेम तेहतीस हजार वस्तीचे, गव्हाच्या टेकड्यांमधले गाव आहे आणि ओरेगन स्टेटच्या कोर्व्हॅलिसची वस्ती साठ हजारांच्या आसपास. ही दोन्ही विद्यापीठे आपापल्या राज्याची शेती महाविद्यालये म्हणून वाढली आणि शेतांजवळच राहिली. प्रशिक्षक बदलता येतो, गाव बदलता येत नाही.

जागा विकतही घेता येत होती, हेही नमूद करायला हवे. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने एसीसीमध्ये शिरताना नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशांतला वाटा न घेण्याचे कबूल केले, कारण तेवढा भार उचलणारे धनाढ्य माजी विद्यार्थी त्याच्यापाशी आहेत. ‘धंदा आहे’ हे आपले वाक्य मला मान्यच आहे. माझी तक्रार एवढीच की धंद्याच्या निर्णयाला खेळाच्या निकालाचे नाव देऊ नये.

त्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा पुलमनमध्ये शिकत होतो आणि परदेशी विद्यार्थ्याला आवारातच काम करण्याची मुभा असल्याने सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या फाटकावर तिकिटे तपासत असे. 23 सप्टेंबर 2023 ला ओरेगन स्टेटचा संघ आला. देशाच्या क्रमवारीत ते चौदावे, वॉशिंग्टन स्टेट एकविसावे. म्हणजे ज्यांना कोणी घेतले नाही ते दोघेही पहिल्या पंचविसांत होते. नारिंगी सदऱ्यातले एक आजोबा फाटकाशी आले, तिकीट पुढे केले आणि मी विचारले नसतानाही म्हणाले, “पुढच्या वर्षी आपण दोघेच असू. नीट वागा आमच्याशी.” मागची वॉशिंग्टन स्टेटच्या किरमिजी सदऱ्यांची रांग हसली. वॉशिंग्टन स्टेटने तो सामना 38–35 असा जिंकला. त्या रात्री पुलमनमध्ये खोली न मिळालेले लोक शेजारच्या आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावात शोधत होते. वर्षातले असे सहा-सात शनिवार म्हणजे तिथल्या मोटेलवाल्यांचा आणि खानावळींचा सुगीचा काळ असतो.

आता आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे. इथे मी चुकलो. मूळ लेखात मी या दोन विद्यापीठांना निव्वळ बळी म्हणून रंगवले होते आणि ते चित्र अर्धवट होते. जुलै 2021 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग 12 सोडून ‘एसईसी’ या कॉन्फरन्सची वाट धरली, तेव्हा मागे राहिलेली आठ विद्यापीठे आसरा शोधत होती. पॅक-12 ने ऑगस्टअखेर विस्तार करणार नसल्याचे जाहीर केले आणि त्या वेळी वॉशिंग्टन स्टेट व ओरेगन स्टेट त्याच कॉन्फरन्सचे पूर्ण अधिकाराचे सदस्य होते. दोन वर्षांनी त्याच बिग 12 ने पॅक-12 ची चार विद्यापीठे नेली.

पुढचे तर आपण म्हणता तसेच घडले. 2024 च्या हंगामात या दोघांची ‘कॉन्फरन्स’ म्हणजे फक्त हे दोघे होते. महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम किमान आठ सदस्यांचा, पण तो पाळण्यासाठी दोन वर्षांची सवलत असते. खेळायला प्रतिस्पर्धी हवेत म्हणून त्यांनी ‘माउंटन वेस्ट’ कॉन्फरन्सशी सुमारे 1.4 कोटी डॉलर देऊन सामन्यांचा करार केला आणि आमचे सदस्य पळवलेत तर दंड भराल, हे त्यांचे कलम मान्य केले. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी त्याच माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट यांना, थोड्या दिवसांनी यूटा स्टेटलाही ओढले आणि दंडाचे कलम बेकायदा असल्याचा दावा लावला. त्या पाच जणांपायी दंडाची रक्कम साडेपाच कोटी डॉलरवर गेली होती. सही करताना कलम चालले आणि भरायची वेळ आली तेव्हा चालेना, याचे समर्थन मी करणार नाही. वायोमिंग, न्यू मेक्सिको, नेवाडा यांच्या नजरेतून पाहिले, तर 2023 चे वगळलेले 2024 चे वगळणारे ठरले.

मात्र यावरून आपण काढलेला निष्कर्ष, की ‘सगळेच सारखे, तेव्हा कोणाची दया नको’, मला पटत नाही. खालचा माणूस त्याच्याही खालच्याची शिडी ओढतो, यावरून शिडीची रचना सदोष आहे एवढेच दिसते.

कोणाचे कोणाला देणे नव्हते, असेही आपण सुचवता. कायद्याच्या दृष्टीने ते काहीसे उलटे निघाले. जाणाऱ्या दहा जणांना कॉन्फरन्सच्या मंडळात मत उरते का, हा वाद पुलमनजवळच्या कोलफॅक्स गावातल्या व्हिटमन परगण्याच्या न्यायालयात गेला. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी 2022 मध्ये जाण्याचे जाहीर केले, तेव्हा उरलेल्यांनी त्यांना मंडळाच्या बैठकांतून दूर ठेवले होते. तोच पायंडा आता बाकीच्यांच्या अंगाशी आला. 14 नोव्हेंबर 2023 ला न्यायालयाने उरलेल्या दोघांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यात हात घालण्याचे नाकारले आणि अखेर तडजोडीत प्रत्येक जाणाऱ्याने सुमारे 65 लाख डॉलर मागे सोडले. कॅलिफोर्नियात तर देणे आकड्यातच मांडले गेले. यूसीएलए आणि बर्कली या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच दोन शाखांचा कारभार एकाच रीजेंट (नियामक) मंडळाकडे असल्याने, आपल्या जाण्याने झालेल्या नुकसानीपोटी यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षे दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत असे मंडळाने ठरवले. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत प्रत्येक विद्यापीठाचे मंडळ वेगळे आहे, म्हणून एकाच राज्याच्या करदात्यांनी पोसलेल्या दोन विद्यापीठांपैकी एक गेले आणि दुसऱ्याचे काय, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर आला नाही.

तिसरा आक्षेप, फुटबॉलचा पैसा आटला तर बरेच झाले, हा महाराष्ट्रातून पाहताना अगदी रास्त वाटतो. मलाही तिथे जाईपर्यंत तसेच वाटत असे आणि त्यातला निम्मा भाग अजूनही मान्य आहे. प्रशिक्षकांचे पगार पाहिले की कोणाही प्राध्यापकाला घेरी यावी. पण पैसा आटतो तेव्हा झळ आधी कोणाला लागते, ते पाहायला हवे. फुटबॉलला हात लावत नाहीत, कारण परतीची आशा त्याच्यावरच असते. जून 2025 मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकी बंद करून भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवण्याचे जाहीर केले. याच विद्यापीठाच्या केनियन विद्यार्थ्याने, हेन्री रोनोने, 1978 मध्ये 81 दिवसांत चार विश्वविक्रम केले होते. धावण्याचा तो वारसा तेवढा राखला गेला. भाला, गोळा, थाळी आणि उंच उडीसाठी आलेल्या मुलामुलींनी दुसरे विद्यापीठ शोधायचे. या मंडळींना प्रक्षेपणाच्या करारातून कधी काही मिळाले नव्हते, त्यांचा मैदानाचा खर्च तेवढा त्यातून निघत होता.

ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ 2025 मध्ये कोणत्याही कॉन्फरन्सविना खेळून ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला, हे आपण ‘मग बिघडले कुठे?’ याच्या पुराव्यादाखल दिले आहे. त्या संघाच्या नावावर 2006, 2007 आणि 2018 ची विजेतेपदे आहेत. त्याला कोणीही खेळायला बोलावते. ती पुण्याई सॉफ्टबॉल किंवा रोइंगच्या संघापाशी नसते. शिवाय कोर्व्हॅलिसच्या फुटबॉल स्टेडियमवर सुमारे 16 कोटी डॉलर खर्चून नवी पश्चिम बाजू उभी राहिली, ती नेमकी 2023 च्या सप्टेंबरमध्ये खुली झाली, म्हणजे कॉन्फरन्स मोडल्यानंतर महिन्याभरात. तो खर्च जुन्या उत्पन्नाच्या भरवशावर ठरला होता.

आपण शेवटी विचारता की हे सगळे दोन-चार वर्षांत विसरले जाणार नाही का. याचे उत्तर पुलमनहून सायकलने जाण्याच्या अंतरावर आहे. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली एक वाट तिथून आयडाहोतल्या मॉस्को गावाला जाते, अंतर तेरा किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेच्या टोकाला आयडाहो विद्यापीठ आहे. ते 1922 पासून पॅक-12 च्या पूर्वज कॉन्फरन्सचे सदस्य होते. 1959 मध्ये ती कॉन्फरन्स खेळाडूंना छुपे पैसे देण्याच्या भानगडींनंतर मोडली, मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांनी नवी चूल मांडली आणि वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन, ओरेगन स्टेट व आयडाहो बाहेर राहिले. वॉशिंग्टन स्टेटला 1962 मध्ये, दोन्ही ओरेगनना 1964 मध्ये परत घेतले गेले. आयडाहोला कोणी बोलावले नाही. पुढे ते एका कॉन्फरन्समधून दुसरीत फिरत राहिले आणि 2018 मध्ये फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातून स्वतःहून एक पायरी खाली उतरले. पुलमनमध्ये 2023 च्या पानगळीत थोरामोठ्यांच्या तोंडी सारखे आयडाहोचे नाव येत असे, ते यामुळेच.

राहिली तारखेची चूक. दहा विद्यापीठे एकाच दिवशी गेली, असे मी लिहिले होते, ते बरोबर नाही. यूएससी आणि यूसीएलए यांनी 30 जून 2022 ला, कोलोराडोने 27 जुलै 2023 ला आणि ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व यूटा या पाच जणांनी 4 ऑगस्ट 2023 ला जाण्याचा निर्णय जाहीर केला. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांचा एसीसीप्रवेश 1 सप्टेंबरला ठरला. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे आणि 2021 च्या ऑगस्टचा वगळलेला परिच्छेदही जोडला आहे.