मुलांच्या बीएमआयला मोठ्यांचा तक्ता लावू नका

माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या दहा वर्षांच्या मुलीला सकाळ-संध्याकाळ वजन वाढवायची पावडर सुरू केली आहे. पोरगी धडधाकट आहे, वर्गात उंचीने मधोमध, खो-खोत सगळ्यांच्या पुढे. कारण विचारलं तर "दादा, हे वाच" म्हणून तिने शाळेच्या फिटनेस चाचणीचा कागद आणि एक फॉरवर्ड पाठवला. तोच फॉरवर्ड आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही फिरतोय. मी शारीरिक शिक्षण शिकवतो, या चाचण्या दरवर्षी घेतो, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड म्हणतो : बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 18.5 च्या खाली असेल तर मूल कुपोषित, 25 च्या वर असेल तर लठ्ठ, मधलं सगळं ठीक. एका पायावर 10 सेकंद उभं राहता आलं नाही तर मेंदूत दोष. बसून पायाच्या बोटांना हात पोचला नाही तर उंची खुंटणार. 600 मीटर धावताना मूल थांबलं तर हृदय कमजोर. मुलींना पुश-अप्स आणि लांबचं धावणं देऊ नये, गर्भाशय सरकतं. आणि शेवटी, या चाचण्या म्हणजे नुसता देखावा. देखावाच असेल तर त्याच आकड्यांवरून मेंदूचं आणि हृदयाचं निदान कसं करता, हे लिहिणाऱ्याने सांगावं.

बीएमआयपासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे होतंय.

18.5 आणि 25 या रेषा वाढ पूर्ण झालेल्या माणसांसाठी आहेत. मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो. पहिल्या वाढदिवसानंतर तो उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात खाली असतो आणि मग पुन्हा चढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली 5 ते 19 वर्षांसाठी वेगळे तक्ते दिले, मुलांचे निराळे, मुलींचे निराळे, महिन्या-महिन्याचे. त्यात दहा वर्षांच्या मुलीचा मधला आकडा 16.6 आहे. 13.5 च्या खाली गेली तर ती कृश, 19 च्या वर गेली तर वजन जास्त.

माझ्या भाचीची उंची 138 सेंटीमीटर, वजन साडेएकतीस किलो. बीएमआय 16.5. म्हणजे तक्त्याच्या जवळजवळ मधोमध. या फॉरवर्डच्या हिशेबाने ती कुपोषित! हाच नियम लावला तर दहा वर्षांच्या निम्म्याहून कितीतरी जास्त मुली कुपोषित ठरतील आणि घरोघरी पावडरीचे डबे उघडले जातील. त्यातल्या बहुतेक पावडरींमध्ये साखर किती असते ते डब्याच्या मागे छापलेलं असतं, जरा वाचा.

उलट बाजू याहून वाईट. सहा वर्षांचा मुलगा, उंची 115 सेंटीमीटर, वजन 25 किलो. बीएमआय 18.9. फॉरवर्डप्रमाणे 'ठीक'. तक्त्याप्रमाणे त्या वयाला 18.5 च्या वर म्हणजे लठ्ठपणा. ज्या मुलाच्या आईवडिलांनी आत्ताच डॉक्टरांशी बोलायला हवं, त्यांना हा संदेश निर्धास्त करतोय.

आपल्याकडच्या मुलांसाठी तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये स्वतंत्र आलेख काढले आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर त्या कामात पुढे होते. भारतीयांना कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका सुरू होतो, म्हणून त्यात प्रौढांच्या 23 आणि 27 शी जुळणाऱ्या रेषा वयानुसार आखल्या आहेत. बालरोगतज्ज्ञांना विचारलंत तर ते मुलाचा आकडा त्या आलेखावर मांडून दाखवतील.

एका पायावर 10 सेकंद हे कुठून आलं ते मला माहीत आहे. ब्राझीलमधला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 सेकंद तोल न सांभाळता आलेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. अभ्यास खरा आहे, पण त्यातली माणसं 51 ते 75 वर्षांची होती. दुसरीतल्या पोराशी त्याचा काय संबंध? केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्या शाळांच्या फिटनेस चाचणीत पहिली ते तिसरीला फ्लेमिंगो बॅलन्स असतो. तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर एका पायावर उभं राहायचं आणि मिनिटभरात तोल किती वेळा गेला ते मोजायचं. तोल जाणार हे धरूनच ही चाचणी बनवली आहे.

बसून हात पुढे नेण्याच्या चाचणीत मांडीच्या मागचे स्नायू आणि कंबर किती लवचीक आहे ते कळतं. वयात येताना पाय आधी लांब होतात, धड मागून वाढतं, त्यामुळे नेमका उंची वाढत असतानाच हात बोटांपासून लांब राहू शकतो. फॉरवर्डने गोष्ट उलटी सांगितली आहे.

600 मीटरच्या चाचणीत चालायची मुभा असते. पहिल्यांदा धावणारी पोरं पहिल्या शंभर मीटरलाच सगळा दम संपवतात, मग थांबतात. धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

मुलींबद्दलचा दावा वाचून संताप येतो. गर्भाशय ओटीपोटात स्नायू आणि बंधांनी धरलेलं असतं, धावल्याने ते सरकत नाही. असल्याच समजुतीने बायकांचं नुकसान याआधी झालेलं आहे. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या 800 मीटर शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापल्या गेल्या आणि ती शर्यत थेट 1960 पर्यंत बंद राहिली. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ती शाळेत असताना हा फॉरवर्ड तिच्या घरी पोचला असता तर? मुलींना गुडघे टेकून पुश-अप्स दिले जातात, तेवढेही बंद केले तर खांद्यात आणि हातात ताकद येणार कुठून? माझ्याकडे आठवीच्या काही मुली आता चाचणीच्या दिवशी घरून चिठ्ठी आणतात. दुखणं काहीच नसतं.

राहिला देखाव्याचा आरोप. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कित्येक शाळांना 50 मीटरचं सरळ मैदान नाही. एका शिक्षकाकडे चारशे मुलं आणि एक स्टॉपवॉच. मुदत जवळ आली की अंदाजाने आकडे भरले जातात, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. उंची बुटांसकट मोजली आणि तीन सेंटीमीटर जास्त लागली, तर भाचीचा 16.5 चा आकडा 15.8 होतो. तेव्हा शाळेला विचारा : उंची अनवाणी मोजली का, जन्मतारीख बरोबर टाकली का, मागच्या वर्षीचा आकडा काय होता? पन्नास मीटरला माझं पोर गेल्या वर्षीपेक्षा अर्धा सेकंद कमी घेतंय का, हे कळण्यासाठी या चाचण्या आहेत. चाचणीच्या दिवशी दोन पालक टेप आणि घड्याळ धरायला आले तर आकडे पुष्कळ सुधारतील, आणि आम्ही कुणाला नको म्हणणार नाही.