संशोधनाचा डेटा फायरवॉलबाहेरून का न्यायचा

नमस्कार,

कॅम्पसमधला संशोधनाचा डेटा फायरवॉलमधून (येणारी-जाणारी रहदारी तपासणाऱ्या पेटीतून) न नेता वेगळ्या वाटेने न्यावा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर "संशोधनासाठी वेगळं नेटवर्क टाकून फायरवॉलला वळसा घालणं बेजबाबदारपणाचं आहे, त्यापेक्षा मोठा फायरवॉल घ्या," असं तुम्ही लिहिलंय. सुरक्षेची काळजी रास्तच आहे. उपाय मात्र पटत नाही.

फायरवॉलच्या पेटीवर लिहिलेला सेकंदाला 10 गिगाबिटचा वेग ही बेरीज असते. आतले अनेक प्रोसेसर हजारो छोटी कनेक्शनं वाटून घेतात. होस्टेलच्या व्हिडिओंना ते पुरतं. जीनोमची एकच अगडबंब फाइल निघाली की सगळा भार एका प्रोसेसरवर येतो, त्याचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळतात. समजा 22,000 पॅकेटांत एक गळलं आणि नागपूर-पुणे जाऊन-येऊन 25 मिलिसेकंद लागले. 1500 बाइटच्या पॅकेटांवर, टीसीपीच्या (गळलेली पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या नियमावलीच्या) जुन्या रेनो पद्धतीच्या हिशेबाने, वेग सेकंदाला 70 मेगाबिटच्या आसपास अडकतो, कारण प्रत्येक गळतीला ती वेग निम्मा करते. म्हणजे पुण्यातल्या सी-डॅकच्या परम सिद्धी या महासंगणकापर्यंत 1 टेराबाइट न्यायला 31 तासांहून जास्त; न गळणाऱ्या 10 गिगाबिट वाटेवर साधारण 14 मिनिटं!

आता सुरक्षा. एनकेएनच्या (शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय नेटवर्कच्या) राउटरला जोडलेला मोठ्या बफरचा स्विच, त्याला जोडलेला डेटा पाठवणारा सर्व्हर, एवढीच ही वेगळी वाट. ठरलेल्या संस्थांचे आयपी पत्ते आणि ठरलेले पोर्ट (सेवांचे क्रमांक) सोडून बाकी सगळं स्विचवरची एसीएल, म्हणजे परवानगीची यादी, अडवते. हे काम चिपमध्येच होतं, म्हणून वेग पडत नाही. त्या सर्व्हरवर मेल नाही, ब्राउझर नाही. होस्टेल, कार्यालय, परीक्षा विभाग फायरवॉलमागेच राहतात. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) पासवर्डवर उघडं ठेवू नये, फक्त की, म्हणजे डिजिटल किल्लीची फाइल, वापरावी, हे मात्र माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. तो दोष मान्य.

सर्व्हरवर टीसीपी बफरची कमाल मर्यादा 64 एमबी करा. वरच्या 10 गिगाबिटच्या नागपूर-पुणे वाटेला 31 एमबी लागतात आणि लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये मुळात 6 एमबीच असतात. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 9000 बाइट ठेवायचा तर टोकापासून टोकापर्यंत. मध्येच कुठे 1500 असेल आणि आयसीएमपी ("पॅकेट फार मोठं आहे" असं कळवणारे संदेश) बंद असेल, तर लॉगिन होतं, फाइलची कॉपी सुरू होते आणि तिथेच गोठते.

या वाटेची फायबर केबल सिंगल मोडच (लांब अंतरासाठीची) घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे केबलचा एचडीपीई डक्ट (प्लास्टिकचा पाइप) मीटरभर खोल हवा आणि चेंबरमध्ये पाणी साचता कामा नये. 10 गिगाबिट एलआर मॉड्यूलला (केबलच्या टोकाशी प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) उणे 14.4 डीबीएमपेक्षा (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) कमी प्रकाश मिळाला की पॅकेटांची गळती सुरू होते. बहुतेकदा कारण कनेक्टरवरची धूळ.

तुमच्याकडे मोठा फायरवॉल आधीच असेल, तर परफसोनारची (नेटवर्कचा वेग आणि गळती मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची) दोन यंत्रं लावा, एक त्याच्या आत, एक बाहेर. आठवडाभर दोन्हीकडून पुण्यापर्यंतची गळती मोजा आणि ते आकडे इथे टाका.