‘एक जाणकार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : एजंट नेमका कोणाचा?

रिसेल फ्लॅट घेणाऱ्याने एजंटला पहिल्याच भेटीत विचारावं, ‘तुम्ही माझ्या बाजूने की मालकाच्या?’ आणि उत्तर कागदावर घ्यावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक जाणकार’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन्हीकडून दलाली घेणं ही आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे सौदा लवकर बसतो. लेखी मागितलं तर चांगला एजंट निघून जातो. महारेरा (बिल्डर आणि एजंट यांच्यावर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आहे, वकीलही असतो, मग काळजी कसली, असा एकूण सूर. आणि शेवटी हे वाक्य : ‘ताई, आयुष्यात एकही व्यवहार न केलेल्यांनी घरबसल्या लोकांना शहाणपण शिकवू नये.’

मतभेद खुशाल असू द्या. पण तुम्ही मला ओळखत नाही, मी काय केलंय आणि काय नाही हे तुम्हाला माहीत नाही, तरी इतक्या खात्रीने बोलता? पुढे ‘ताई’ लावलं म्हणून वाक्य सभ्य होत नाही. पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर ‘घरबसल्या’ हा शब्द तुम्हाला सुचला असता का, हे स्वतःला विचारून बघा.

आईची गिरगावातली खोली विकली तेव्हा सगळी बोलणी मी केली. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट घेतला तेव्हा घरं बघत, बँकेच्या चकरा मारत मीच फिरत होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा देण्यासाठी दिवस दिवस बसले आहे. धाकट्या भावाला कोथरूडला घर घ्यायचं होतं तेव्हाही तो माझ्याकडेच आला. तेव्हा व्यवहार काय असतो ते मला सांगू नका.

डोंबिवलीचंच सांगते. एजंट आमच्याकडून एक टक्का घेणार होता आणि मालकाकडूनही. तो आमचाच माणूस समजून आम्ही त्याला बँकेचं मंजुरीपत्र दाखवलं, ‘फार तर इथपर्यंत ताणू’ हेही सांगितलं. बोलणीच्या दिवशी लिफ्ट बंद होती. तो अर्धा मजला पुढे, फोन कानाला, आणि जिन्यात आवाज घुमत होता : ‘पार्टीचं लोन मंजूर आहे. अजून तीन लाख चढतील, तुम्ही भावात खाली येऊ नका.’ फाइल छातीशी धरून मी खालच्या पायरीवर उभी होते. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती, मुलीच्या शाळेत प्रवेश झाला होता. आम्ही ते तीन लाख दिले, वर त्याची दलालीही दिली. या रीतीने सौदा लवकर बसतो हे खरंच आहे. कोणाच्या पैशाने बसतो, ते मी बघितलं आहे.

एक गोष्ट मान्य करते. तालुक्याच्या गावी एजंट म्हणजे ओळखीतलाच कुणीतरी असतो, तिथे त्याच्याकडे लेखी मागायला संकोच वाटतो. पण मी लिहिलं ते मुंबई-पुण्याबद्दल. इथे तो माणूस तुम्हाला सौद्याआधी कधी भेटलेला नसतो.

महारेराबद्दल थोडक्यात. रेरा कायद्याच्या कलम 9 नुसार एजंटला नोंदणी सक्तीची आहे ती नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर स्वतः विकत असलेल्या घरांसाठी. जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट त्यात येत नाही. आणि नव्या प्रकल्पातल्या चॅनल पार्टनरला, म्हणजे बिल्डरची घरं विकून देणाऱ्या एजंटला, कमिशन बिल्डरच देतो, मग तो कोणाचा ते उघड आहे. वकिलाचं म्हणाल तर तो इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), आधीचे करारनामे, सोसायटीची थकबाकी बघतो, आणि ते हवंच. पण फाइल त्याच्याकडे जाते तोवर भाव ठरून टोकनही, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कमही, गेलेलं असतं.

कागद कशाला, तर 1872 च्या करार कायद्यात एजंटवर बंधनं आहेत. त्याने तुमच्या नकळत त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला फायदा तुम्ही मागू शकता (कलम 216). पण तो तुमचा एजंट होता हे आधी दाखवावं लागतं, आणि नुसत्या तोंडी बोलण्यावर ते दाखवताना दमछाक होते. एक पान पुरतं : तो कोणाच्या बाजूने, दलाली किती, ती टोकनला नाही तर रजिस्ट्रेशन झाल्यावर, समोरच्याकडून काही घेणार असल्यास आधी सांगेल, आणि आमचा वरचा आकडा आमच्या परवानगीशिवाय कोणाला कळवणार नाही. एवढं लिहून द्यायला जो निघून जातो, त्याला जाऊ द्या. भावाच्या वेळी दोघे गेले, तिसऱ्याने सही केली.

तुमचे बाकीचे मुद्दे मी सोडून देते. त्या पानाचा नमुना पुढच्या लेखात टाकणार आहे. त्यात चूक दिसली तर जरूर दाखवा, मात्र तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा.